माणसाला विचारू नका, कपड्याला विचारा : घरातलं म्हातारपण वेळेवर ओळखायची शिंप्याची रीत

सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, तेव्हा मी पहिलं खापर लाइटीवर फोडलं. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज असं पडतं की बल्बात नुसती लाल तार दिसते, त्यामुळे ते खरंही वाटत होतं. मग रीळ बदललं. मग सुई बदलली. बायको तीन दिवस पाहत होती. चौथ्या दिवशी तिनं काही न बोलता सुई माझ्या हातातून घेतली, ओवली आणि परत दिली. तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो. आज ५७ चा आहे.

मी शिंपी आहे. वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडच्या एका गावात, घराच्या छपरीतच माझी मशीन आहे. मापाच्या वह्या आजवर ११ भरल्या. ज्याच्या लग्नातला सफारी मी शिवला, त्याच्या नातवाच्या बारशाचा सदराही मीच शिवला, आणि दोन्ही मापं माझ्याकडे लिहिलेली आहेत. त्यामुळे कोण कधी वाकलं, कोण कधी सुकलं, हे मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं. घरच्यांना कळत नाही, कारण ते रोज पाहतात. आणि म्हाताऱ्या माणसाला विचाराल तर उत्तर एकच. माझी माय ८१ वर्षांची आहे. तिला विचारलं की म्हणते, "मले काय धाड भरली?"

म्हणून माझी रीत अशी की माणसाला विचारायचंच नाही. त्याचा कपडा पाहायचा, चप्पल पाहायची, बाज पाहायची. कपड्याला लाज नसते. आणि दुरुस्ती करायची ती वस्तूत करायची, बोभाटा न करता.

आधी आपले डोळे

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं. जवळचं पाहायला ते जेवढं फुगायला पाहिजे तेवढं फुगत नाही, म्हणून माणूस पेपर लांब धरतो. सगळ्यांचंच होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. पहिला चष्मा मी पेपर हातात धरून, त्या अंतराचा करून घेतला. मशीनवर बसलो तर कपडा धूसर. मग मान पुढे काढून शिवायचो. चार महिने मान धरून राहिली आणि मी झेंडू बाम चोळत राहिलो. नंतर टेप लावून पाहिला तेव्हा उलगडा झाला. डोळ्यापासून मशीनच्या सुईपर्यंत १८ इंच, आणि पेपर मी धरत होतो १३ इंचांवर. नंबर काढायला जाताना आपल्या कामाचं अंतर मोजून, कागदावर लिहून न्या आणि तपासणाऱ्याला सांगा. निवडण-टिपण करणाऱ्या बाईचं सूप वेगळ्या अंतरावर असतं, पोथी वाचणाऱ्याची पोथी वेगळ्या.

सुई ओवायची युक्ती सांगतो, ही कुणी सांगत नाही. दोरा धारदार कात्रीनं तिरपा कापा. थुंकी लावू नका, टोक फुगतं. सुईच्या मागे पांढरा कागद धरा. दोरा दोन बोटांत असा दाबा की टोक जेमतेम दिसेल, आणि दोरा सुईकडे नेण्याऐवजी सुई दोऱ्यावर आणा. तरी जात नसेल तर सुई उलटी फिरवा, हातसुईचं नेढं एका बाजूनं जरा मोकळं असतं. आमच्या घरी आता नात सकाळी शाळेत जायच्या आधी दहा सुया ओवून उशीला टोचून जाते. तिला महिन्याचे वीस रुपये देतो. फुकट करून घेतलं तर ते उपकार होतात.

दुसरी गोष्ट रंगाची. दोन वर्षांपूर्वी एका पोराच्या लग्नाच्या गडद निळ्या पॅन्टीला मी काळ्या दोऱ्यानं दुमड घातली. रात्री शिवली, बरोबर दिसली. सकाळी बायको म्हणाली, "अहो, हे काळं नाही, निळं हाय." बाहेर उन्हात नेऊन पाहिलं तर खरंच. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा रंग आधी दगा देतो. दोन्ही पाय उसवून परत शिवले. तेव्हापासून प्रत्येक रिळावर चिकटपट्टी लावून रंगाचं नाव लिहिलं आहे, आणि गडद कापडाचा दोरा दिवसाउजेडीच निवडतो. हीच गोष्ट घरातल्या गोळ्यांची आहे. रात्रीच्या उजेडात फिक्या निळ्या आणि पांढऱ्या गोळीत म्हाताऱ्या माणसाला फरक दिसत नाही. मायच्या सकाळच्या गोळ्या लाल कापडाच्या पिशवीत आणि रात्रीच्या पिवळ्या पिशवीत असतात. एकीला एक बटन टाकलं आहे, दुसरीला दोन, म्हणजे अंधारातही हाताला समजतं.

मोतीबिंदूचं एवढंच सांगतो की "पिकू द्या, मग काढू" हे जुनं झालं. रोजच्या कामाला अडायला लागलं, दिव्याभोवती चकाकी दिसायला लागली की दाखवायचं. मायचे दोन्ही डोळे सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात झाले. पट्टी निघाल्यावर आठ दिवसांनी तिनं माझ्या हातातला ब्लाऊज घेतला, खिडकीशी नेला आणि म्हणाली, "बापू, तुह्या तुरपाईचे टाके लांब झाले रे." पाच वर्षं बिचारी त्याच टाक्यांचे ब्लाऊज घालत होती.

कपडा काय काय सांगतो

म्हाताऱ्या माणसाचा सदरा दोरीवर वाळत असेल तेव्हा नीट पाहा. खालून दुसरं-तिसरं बटन लावलेलंच राहिलं असेल, तर तो सदरा डोक्यातून काढला जातो आहे. म्हणजे बोटांना काज सापडत नाही. अशा वेळी मी काज अर्धी सूत मोठं करतो आणि बटन सपाट न घेता जरा जाड काठाचं घेतो. त्याहून जास्त त्रास असेल तर पट्टीच्या आतून वेल्क्रो लावायचं आणि वरून बटनं नुसती शोभेची टाकायची. आमच्या एका काकाजींनी वेल्क्रोला साफ नकार दिला. म्हणाले, "पंगतीत चर्र आवाज आला तर लोक पाहतीन ना बे." त्यांना टिचबटन लावून दिलं. ते हळू लागतं, आणि आवाजही टिचकीएवढाच.

पुढून सदरा लांब आणि मागून आखूड दिसायला लागला तर पाठ वाकली आहे. मी अशा वेळी पाठीची उंची एक-दीड इंच वाढवतो आणि पुढची तेवढी कमी करतो. माणूस एकदम सरळ झाल्यासारखा दिसतो. पण शिंप्याचं काम तिथं संपतं. घरच्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करायची. आमच्याकडे पोळ्याला पोरांची उंची मोजायची रीत आहे, त्यातच म्हाताऱ्यांना उभं करायचं म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. चाळिशीनंतर दहा वर्षांत साधारण एक सेंटीमीटर उंची सगळ्यांचीच घटते. पण वर्ष-दोन वर्षांत इंचभर गेली आणि पाठ दुखत असेल, तर मणका दबलेला असू शकतो. तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढून घ्या.

लुगड्याचा काठ पाहा. माय नऊवारी सोडून पाचवारीवर आली तेव्हा मला वाटलं, सोय म्हणून आली. मग एक दिवस फॉल बदलायला साडी हातात घेतली तर समोरचा काठ उजव्या बाजूला झिजून जाळी झालेला. डावीकडे नवा. उजवा पाय उचलला जात नव्हता, घासला जात होता. चप्पल उलटी करून पाहिली, तिथंही तेच, उजव्या टाचेची बाहेरची कड गेलेली. मायनं चकार शब्द काढला नव्हता. दाखवल्यावर गुडघ्याचं निघालं. साडी मी चार बोटं वर घेऊन निऱ्या कायमच्या शिवून दिल्या, आतून कमरेला पट्टी आणि दोन मोठे हुक. ती आता एका मिनिटात नेसते. शेजारणींना सांगते, "पोरानं फॅशनची शिवून देल्ली."

आणि पायजम्याचा नाडा. हा विषय कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझे वडील शेवटची तीन वर्षं संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नव्हते. आम्ही समजलो, सवय. खरी गोष्ट अशी की रात्री लघवीची घाई व्हायची, बोटांना नाड्याची गाठ सुटायची नाही आणि एकदा न्हाणीपर्यंत पोचायच्या आत पायजमा ओला झाला होता. ते त्यांनी सांगितलं नाही. मायनं सांगितलं, तेही ते गेल्यावर. आज कुणाच्या पायजम्याच्या नाड्याला चिंध्या झालेल्या, ओढून ओढून गाठीचा खडा झालेला दिसला की मी विचारत नाही. नेफ्यात इंचभर रुंदीचं इलास्टिक घालतो आणि पुढे नाड्याची दोन टोकं शिवून ठेवतो. पाहणाऱ्याला नाडाच दिसतो. इलास्टिक कमरेपेक्षा तीन-चार इंच कमी घ्या, त्याहून घट्ट घेतलं तर पोटावर वळ उठतो. आणि घाई वाढली असेल तर डॉक्टरला दाखवा. पुरुषांत प्रोस्टेट नावाची ग्रंथी वाढते, कधी साखर वाढलेली असते, दोन्हीवर औषध आहे.

कंबर ढिली झाली तर मात्र मी तोंडानं सांगतो. न सांगता कपडा आत घेणारा शिंपी चांगला नाही. खाणं तेच, काम तेच, आणि सहा महिन्यांत ५० किलोच्या माणसाचं अडीच किलो वजन गेलं, तर तपासायलाच पाहिजे. कधी दाताचं कारण निघतं, कधी मनाचं, कधी मोठं काही. वजन करायला उपकेंद्रात जायला म्हातारे लाजतात. आमच्या गावात ते दिवाळीनंतर कापसाच्या काट्यावर होतं. गंमत म्हणून सगळेच चढतात. मी आकडा वहीत टिपून घेतो.

छातीवर वरणाचे, हळदीचे डाग राहायला लागले, आणि ती बाई पूर्वी टापटिपीची होती, तर डाग तिला दिसत नाहीत हे समजा. सुनेनं ते चारचौघांत दाखवू नयेत. भाजीत मीठ वाढलं तर तेही जिभेचं असतं, वयानुसार चव मंदावते. मायचं वरण दोन वर्षं खारट होत गेलं आणि आम्ही सगळे मुकाट्यानं वर पाणी पीत गेलो. आता ती फोडणी देते आणि मीठ बायको टाकते. कुणी कुणाला काही म्हटलेलं नाही. ताटात लिंबू आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, वाढवला की कमी मिठाचंही खपतं.

दहा फूट, बारा सेकंद

हे टेपवाल्याच्या आवडीचं काम आहे. हात असलेली नेहमीची खुर्ची घ्या. तिथून १० फुटांवर खडूची रेघ मारा. म्हाताऱ्या माणसानं खुर्चीवरून उठायचं, रेघेपर्यंत आपल्या नेहमीच्या चालीनं जायचं, वळायचं, येऊन बसायचं. नातवानं मोबाइलवर वेळ लावायचा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. कुणीतरी जवळ उभं राहा म्हणजे झालं. मायला १७ लागले. तिला वाटलं, ती जिंकली.

मग आम्ही घर मापलं. तिचा गुडघा जमिनीपासून साडेपंधरा इंच, आणि बाज झोळी होऊन बसल्यावर ११ इंच. त्या खड्ड्यातून रोज पहाटे ती कशी उठत असेल! बाजेची सुंभाची वीण ताणून घेतली आणि चारही पायांखाली बाभळीचे तीन इंची ठोकळे दिले. ठोकळ्यांना वरून खाच पाडा, नाहीतर बाज सरकते. न्हाणीत एका बाजूला लोखंडी पाइप भिंतीत पक्का बसवला. टॉवेलाच्या दांडीवर भरवसा ठेवू नका, ती टॉवेलाचाच भार झेलते. उंबरठ्याला पांढरा पट्टा मारला, कारण अंधारात काळा उंबरठा काळ्या फरशीवर दिसत नाही. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं तिथं ब्लीचिंग टाकून घासतो. हे सगळं मिळून ९०० रुपयांत झालं, त्यातले सहाशे पाइपाचे.

उठायची एक सवय मात्र लावावी लागली. झोपेतून एकदम उभं राहायचं नाही. आधी बसायचं, मिनिटभर पाय हलवायचे, मग उठायचं. एकदम उठलं की बीपी खाली जातं आणि चक्कर येते, बीपीची गोळी घेणाऱ्याला तर जास्तच. मायला मिनिट कळत नाही. तिला म्हटलं, विठ्ठलाचं नाव वीस वेळा घे, मग उठ. हे तिनं लगेच ऐकलं.

उन्हाळ्याचंही इथंच सांगून टाकतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचं कळतच नाही. "तहान लागली की पी" म्हणून उपयोग नाही. मायच्या उशाशी लहान तांब्या असतो, चहाच्या वेळी एक, जेवणाआधी एक, दुपारी कूलर लावताना एक, असा वेळेला बांधून दिला आहे. ज्यांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं आहे त्यांनी पाणी डॉक्टर सांगेल तेवढंच. दुपारी टेरिकॉटचा ब्लाऊज घालू देऊ नका. जुन्या सुती लुगड्याचा बिनअस्तराचा शिवून द्या.

अंगठा लागत नाही तेव्हा

चाळीस वर्षं कापूस वेचून मायच्या बोटांच्या रेघा पुसल्या गेल्या. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं फाटतात, भरतात, परत फाटतात. वयानं कातडीही पातळ होते. एके दिवशी रेशनच्या मशीनवर अंगठा लागेना. चार वेळा ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "बुढी, घरी जा, पोराले पाठव." ती रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि दोन दिवस बोलली नाही.

तर करायचं असं. हात साबणानं धुवा, पुसा, बोटाला अगदी कणभर तेल चोळून परत पुसा, आणि सपाट ठेवा, दाबू नका. अंगठाच पाहिजे असं नाही, दहाही बोटं पाहा, एखादं शाबूत असू शकतं. जमलं नाही तर आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे नव्यानं नोंदवून घ्या. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हातारपणाच्या पेन्शनची श्रावणबाळ योजना आहे, तिचं वय ६५ पासून आहे. ७५ पूर्ण झाले की एसटीत तिकीट लागत नाही, मात्र ओळखपत्र जवळ पाहिजे. मी मायच्या प्रत्येक झंपरात आतून चेन लावलेला खिसा शिवतो, आधार कार्ड बसेल एवढा, साडेतीन बाय अडीच इंच. त्यात माझा नंबर लिहिलेली कापडाची पट्टीही शिवलेली आहे. ती पट्टी कशासाठी, ते तिनं विचारलं नाही.

विसरण्याचं असं की नाव आठवत नाही, किल्ली कुठं ठेवली आठवत नाही, हे आम्हा सगळ्यांचं होतं. पण किल्ली हातात असून तिचं काय करायचं ते सुचेना, किंवा जन्म काढलेल्या पांदणीवर रस्ता चुकला, तर थांबू नका. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासून घ्या, कधी कधी तेवढंच निघतं आणि माणूस बराच ताळ्यावर येतो.

ऐकण्याबद्दल मला उशिरा अक्कल आली. माय सगळ्याला "हो, हो" म्हणायची आणि मी समजायचो, ऐकते. एकदा म्हटलं, "माय, छतावर म्हैस चढली." म्हणाली, "हो, येऊ दे." वयात बारीक, उंच सूर आधी जातो, म्हणून तिला नातीचं बोलणं कळत नाही आणि माझं कळतं. नातीला सांगितलं, ओरडू नको, समोर बस, आवाज जाड कर, धीरं बोल. आणि मी मशीन थांबवून बोलतो. पायडल चालू ठेवून म्हाताऱ्या माणसाशी बोलणं म्हणजे न बोलणंच. कानात मळ आहे का तेही आधी पाहून घ्या. मायच्या डाव्या कानातून निघाला तो तुरीच्या दाण्याएवढा होता.

गेल्या पोळ्याला सगळ्यांची उंची झाली आणि बायकोनं टेप माझ्याच गळ्यातून काढून घेतला. म्हणाली, उभे राहा. ३४ वर्षांत माझं माप कुणी घेतलं नव्हतं, लग्नातला सदरा माझ्या बापानं शिवला होता. तिनं खांदे मोजले, दोन्हीकडून जमिनीपर्यंत टेप सोडला आणि वहीत लिहिलं: उजवा खांदा पाऊण इंच खाली.

"टेप ढिला धरला तू," मी म्हटलं.

"टेप तुमचाच हाय," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला उभं केलं.